कॅमेऱ्याचं सासर

नगरच्या कापडबाजारामागच्या बोळात नियाज मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि भिंतीला पाठ टेकून बसलेला नियाज. मूळचा धंदा बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचा. गावोगावच्या भजनी मंडळांच्या दमेकरी पेट्या त्याच्याकडे यायच्या आणि धडधाकट होऊन परत जायच्या. मग लढाई सुरू झाली. नगरच्या छावणीत गोरे शिपाई आले, आणि घरी धाडायला फोटो काढून घेणाऱ्यांची ही गर्दी उसळली. फोटोग्राफर वाढले, तसे बिघडलेले कॅमेरेही वाढले. मुंबईच्या दुकानाकडे तक्रार केली तर उत्तर यायचं, ‘भाग विलायतेहून मागवला होता. बोट बुडाली.’ लढाई संपली तरी त्यांच्या बोटी बुडायच्या थांबल्या नव्हत्या.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पेटीला भाता असतो तसा कॅमेऱ्यालाही असतोच की. नियाजनं पहिला कॅमेरा उघडला, भात्यात तोंड घालून बघितलं आणि म्हणाला, “अरे, ही तर मुकी पेटी!” तेव्हापासून तो कॅमेऱ्यांचा डॉक्टर झाला.

त्याची एक खोड होती. दुरुस्त केलेला कॅमेरा गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्याचे डोळे भरून यायचे. “लेक दिली तुम्हाला. नांदवा,” असं म्हणून तो नाक पुसायचा. गिऱ्हाइकाला तो जावईबापू म्हणायचा. लगीनसराईच्या आधी कॅमेरा माहेरपणाला आणायला लावायचा, आणि मधे लेकीचं काही दुखलंखुपलं तर पिशवी उचलून स्वतः तिच्या सासरी जायचा. इथवर ठीक होतं. पण शेजारच्या कुणबी घरांमधली एक रीतही त्यानं उचलली होती. लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही! नियाजच्या हिशोबानं पहिला स्वच्छ फोटो म्हणजे लेकीचं लेकरू. तो डोळ्यांनी बघेपर्यंत गिऱ्हाइकाकडे तो घोटभर चहाही प्यायचा नाही.

“तिकडं उपाशी राहता,” त्याची बायको मुमताज म्हणायची, “आणि इकडं येऊन माझ्या भाकरीच्या टोपलीवर सूड काढता.”

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर घोडेगावकडून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला. सोनईच्या सहादेवचा. ‘लेक आजारी हाय. बाजाराच्या दिवशी घोडेगावला या. लई बोभाटा झालाय.’

नियाजनं लगेच पिशवी काढली. सहादेवचा कॅमेरा म्हणजे त्याची सर्वांत लाडकी लेक. सागवानी अंग, पितळी कड्या, आणि भाता तर नियाजनं नवाकोरा घातलेला, बकरीच्या मऊ कातड्याचा.

“खळ जास्तीची करून दे,” तो मुमताजला म्हणाला.

इथे खळीबद्दल सांगायला हवं. भाता चिकटवायची खळ कणीक आणि डिंकाची करतात, आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, निळंशार. पण लढाईपासून मोरचूद बाजारात मिळेना. तेव्हा नियाजनं डोकं चालवलं. लोणचं मिठानं टिकतं, मग भाता का टिकू नये? मोरचुदाऐवजी त्यानं मीठ घातलं. आणि कातडं मऊ राहावं म्हणून चांगली घट्ट काकवी. मुमताजनं पहिल्यांदा ती खळ केली तेव्हा बोट चाटून बघितलं होतं. “थोडं तूप पडलं असतं तर ईदला चालली असती,” असं तिचं मत पडलं होतं. नियाजनं ते स्तुती म्हणून घेतलं.

मोटार कोळशावर चालणारी होती. चढ आला की उतारू खाली उतरायचे आणि मोटारीला धीर देत शेजारून चालायचे. नियाज घोडेगावला पोचला तेव्हा बाजार भरात आला होता. बैल, गाई, शेरडं, धूळ आणि दलालांचा गलका. सहादेवनं कडेच्या बाभळीखाली तिकाटण्यावर कॅमेरा उभा केला होता आणि स्वतः तोंड पाडून बसला होता.

“या, मिस्त्री. बगा तुमच्या लेकीचे प्रताप.”

त्यानं फोटो पुढे केले. प्रत्येकात पांढराशुभ्र उजेडाचा लोळ होता. पहिल्यात तो एका भजनी बुवांच्या डोक्यामागे आला होता.

“ह्यो फोटू निघाला आन् सारी सोनई माज्या दारात,” सहादेव सांगू लागला. “आमच्याबी डोक्यामागं तेज काढ म्हनून. म्या म्हनलं, काढतो. मला काय! पर मग पाटलांनी घोडीवर बसून फोटू काढला, आन् त्येज आलं घोडीच्या डोक्यामागं.”

“मग?”

“मग काय? लोक घोडीच्या पाया पडायला लागले. पाटलाला कुनी इचारीना. त्येनी सांगितलंय, कॅमेरा नीट झाल्याबगर गावात तोंड दाखवायचं न्हाई.”

नियाजनं काळं फडकं अंगावर घेतलं आणि भात्यात डोकावून बघितलं. भात्याच्या घडीघडीतून उजेडाच्या बारीक सुया आत येत होत्या, आणि त्या सुयांमधून रांगेनं, मोठ्या शिस्तीत, मुंग्या चालल्या होत्या.

तो फडक्याबाहेर आला. बापाच्या आवाजात म्हणाला, “जावईबापू, लेकीला ठेवली होती कुठं?”

“घरात. फळीवर.”

“फळीवर शेजारी काय होतं?”

“गुळाची ढेप.”

“बघा! गुळाशेजारी लेक ठेवली! मुंग्या काय लांब राहणार? तरी मी म्हणतोच, माझं काम कसं बिघडेल?”

“ढेप साबूत हाय की मिस्त्री!” सहादेव कळवळला. “ढेपंला एक मुंगी न्हाई! समद्या ढेप वलांडून भात्यात गेल्या!”

नियाजनं कामाला हात घातला. मुंग्या झटकल्या, भोकांवर कातड्याच्या चिंध्या डकवल्या, आणि घरून आणलेली ताजी खळ सढळ हातानं फासली. या खेपेला काकवीही जास्त होती. नव्या भात्यापेक्षा डागडुजीला चिकटपणा अधिक लागतो, असा त्याचा सिद्धान्त होता.

खळ वाळतेय तोवर एक म्हातारी बैलाचं दावं धरून आली. तिच्या मागं खांद्यावर काळी घोंगडी टाकलेला एक उंच माणूस. म्हातारी म्हणजे घोडेगावचीच छबूबाई. बैल तांबूस, पोवळ्याच्या रंगाचा, आणि नावही पोवळ्या. मागचा माणूस पारनेरकडचा पुंजाराम, ज्यानं सकाळीच त्या बैलाचा सौदा करून विसार दिला होता.

“फोटूवाल्या भाऊ,” छबूबाई म्हणाली, “ह्येचा एक फोटू काढा. आत्ताच्या आत्ता.”

“बैलाचा?”

“मंग काय माजा? माजं थोबाड मला पाठ हाय.”

सहादेवनं कपाळाला हात लावला. पण छबूबाईनं तिथेच बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं. पोवळ्याची आई त्याला वितानाच गेली होती. छबूबाईनं त्याला बाजरीची पेज पाजून वाढवला. त्याचा जोडीदार पोळ्यानंतर घटसर्पानं गेला, तेव्हापासून पोवळ्या एकटा दावणीला उभा राहायचा आणि रिकाम्या जागेकडे बघत बसायचा. वैरणीला धड तोंड लावीना. पुंजारामकडे त्याच्याच उंचीचा, तशाच शिंगांचा एकटा बैल होता.

“तिथं सोबत मिळंल त्येला,” ती म्हणाली. “म्हनून देते. न्हाई तर माजा काय जीव वर आला हुता का इकायला? पर फोटू निघाल्याबगर मी दावं सोडायची न्हाई. पावन्यास्नी तसं सकाळीच सांगितलंय.”

“व्हय, सांगितलंय,” पुंजाराम कसानुसा हसला. “पर मावशी, पारनेर काय हितं हाय का? उजेडी जायाला पायजे.”

“मग बसा की उजेडात.”

खळ वाळायला वेळ होता. छबूबाईचं घर बाजाराला लागूनच. ती पोवळ्याला सहादेवच्या हवाली करून गेली आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांचं पातेलं घेऊन आली. लसणाचा वास सुटला तसं सकाळपासून उपाशी नियाजचं पोट बोलायला लागलं, पण तो मान फिरवून बसला.

“घ्या, मिस्त्री भाऊ.”

“नाही चालत, मावशी. इथं माझी लेक नांदते.” आणि त्यानं आपली रीत सांगितली.

छबूबाईनं त्याच्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, मग बाभळीखाली पडलेले ते तेजाळ फोटो उचलून त्याच्या मांडीवर ठेवले.

“ही कुनाची लेकरं?”

“ती… ती नीट नाहीत, मावशी.”

“नीट न्हाईत म्हनून काय नातवंडं न्हाईत? असला कसला आजा तुमी? एकाला त्येज जास्ती झालं, एकाच्या वाटचं घोडीला गेलं, म्हनून लेकीला वांझ म्हनता? जेवा गप.”

नियाजला असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यानं पाटलांच्या घोडीचा फोटो हातात घेतला. घोडी खरंच छान आली होती. त्यानं थाळी पुढे ओढली, आणि एकदा ओढल्यावर मग पातेल्याचा तळ दिसेपर्यंत मान वर केली नाही. मुमताजनं ते बघितलं असतं तर आनंदानं रडली असती.

मग कामाला लागले. पोवळ्याला बाभळीसमोर उभा केला. सहादेवनं फोटो उमटतो ती काच भरलेली चपटी पेटी काखेत धरली, डोक्यावरून काळं फडकं घेतलं, आणि मागच्या काचेत बैल उलटा दिसतोय का बघायला लागला. नियाजला धीर कुठला? डागडुजी नीट बसली की नाही हे चाचपायला त्यानंही फडक्याखाली हात घातला.

आता घोडेगावच्या बाजारात फडक्याखाली हात घालण्याला एकच अर्थ. दोन माणसं फडकं आडवं धरतात, आत एकमेकांची बोटं दाबतात, तोंडानं चकार शब्द काढत नाहीत, आणि बैलाचा भाव ठरतो. शेजारून जाणारा एक दलाल थबकला. त्याच्यामागे दुसरा.

“कशाचा सौदा चाललाय?”

“म्हातारीच्या बैलाचा दिसतोय.”

“आन् त्यो घेनारा डोसक्यावरनं फडकं घिऊन बसलाय!”

“तोंड लपवतोय. म्हंजी लई मोठी असामी आसनार.”

हां हां म्हणता कॅमेऱ्याभोवती रिंगण जमलं. हातांवर फडकं टाकणारे व्यापारी त्यांनी जन्मभर पाहिले होते, पण नखशिखान्त फडक्यात गेलेलं गिऱ्हाईक कुणी पाहिलं नव्हतं. पुंजारामच्या कानावर हे पडलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. विसार दिलेला, आणि म्हातारी आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला बैल देते! तो रिंगण फोडून आत घुसला आणि त्यानंही फडक्याखाली हात खुपसला. आत जी बोटं लागली ती त्यानं गच्च धरली आणि मोठ्या जिद्दीनं दाबायला लागला.

ती बोटं सहादेवची होती. अंधारात, मागच्या काचेला डोळा लावलेला असताना, कुणीतरी दणकट पंजानं आपली बोटं एकेक करून मोजून पिळतंय, हे कळताच सहादेवनं “आई गं!” म्हणून जी उडी मारली, त्यात काखेतली पेटी दगडावर आपटली. आतली काच फुटल्याचा आवाज रिंगणातल्या सगळ्यांनी ऐकला.

“फुटला सौदा,” एक दलाल हळहळला.

“कोन हाय त्यो? कोन माजा बैल घेतोय?” पुंजाराम ओरडला.

“अहो, कुनाचा बैल? फोटू काढतोय!” सहादेव बोटं फुंकत होता. “काच फोडलीत की वो माजी! आता एकच उरली!”

“फोटू काढायला मिस्त्रीनं हात कशाला घातला आत?”

“माझ्या लेकीची तब्येत बघत होतो मी!” नियाज गरजला.

“लेक? फडक्याखाली?” पुंजारामनं सगळ्या रिंगणाकडे बघितलं. “ऐका रं! ह्यो गडी काय बोलतोय!”

छबूबाई उठली. दाव्याचा हात कमरेवर आणि मोकळा हात पुंजारामच्या नाकासमोर. “मी जिभंला हाड नसलेली बाई वाटले का तुमाला? शब्द दिला म्हंजी दिला! विसार घिऊन दुसऱ्याला बैल दिला असं ह्या गावात एक मानूस सांगंल का?” पुंजाराम मागं मागं सरायला लागला. दलालांनी म्हातारीची बाजू घेतली. नियाज आपली लेक म्हणजे काय हे एकेकाला समजावत होता. सहादेव फुटलेली काच वेचत होता. कुणाचंही लक्ष बैलाकडे नव्हतं.

पोवळ्याला मात्र वास लागला होता. काकवी, कणीक आणि वर मीठ. त्यानं आधी भात्याला नाक लावलं. मग एकदा चाटलं. पोळ्यापासून वैरणीला धड तोंड न लावणाऱ्या त्या बैलानं डोळे अर्धे मिटले आणि भाता कडेपासून कडेपर्यंत चाटून काढला. आणि मग, भाकरीचा तुकडा मोडावा तसा, अलगद ओढून तोडला.

“या अल्ला!” नियाजची किंकाळी सगळ्या बाजारावरून गेली. “माझी लेक खाल्ली!”

सगळे वळले. कॅमेऱ्याचं पुढचं भिंग एकीकडे आणि मागची काचेची चौकट एकीकडे, मधे नुसती हवा. आणि पोवळ्या शांतपणे भाता चघळत उभा.

छबूबाई पुढे गेली आणि तिनं पोवळ्याच्या गळ्याखाली हात लावून बघितला. जबडा हलत होता. “खातोय,” ती म्हणाली. “बगा ना वो. खातोय.” आणि पदर डोळ्यांना लावला. नियाज आपलं दुःख सांगायला तिच्याकडे आला होता, तो तसाच उभा राहिला. ओठांवर आलेली शिवी त्यानं तशीच गिळली. एवढ्या आनंदानं आपलं काम आजवर कुणी वाखाणलं नव्हतं, हेही त्याला कुठेतरी जाणवलं.

“मावशी,” सहादेव हळूच म्हणाला, “आता फोटू न्हाई निघायचा.”

छबूबाईनं मान हलवली. ती भांडली नाही. तिनं दावं दोन्ही हातांत घेतलं, त्याची गुंडाळी करायला लागली आणि पुंजारामकडे वळली. तो तर मान खाली घालून उभा होता. दावं देण्याआधीची ती गुंडाळी नियाजला बघवेना.

“थांबा!” तो म्हणाला. “भाता कशाला असतो? उजेड आत येऊ नये म्हणून. पावणं, घोंगडी द्या.”

“घोंगडी? नवी हाय वो.”

“द्या म्हन्ते ना!” छबूबाई म्हणाली. पुंजारामनं घोंगडी दिली.

धनगरी घोंगडी, जाड, काळीभोर, पावसालाही आत न येऊ देणारी. नियाजनं ती दुहेरी केली, कॅमेऱ्याच्या दोन्ही तुकड्यांवरून पांघरली, आणि फटी दाबायला स्वतःही आत शिरला. आत लोकरीचा, मेंढ्यांचा आणि पुंजारामच्या घामाचा असा वास होता, की उजेडाची आत यायची छातीच झाली नसती.

“जावईबापू!” आतून आवाज आला. “मी धरलंय! घाला काच!”

“मिस्त्री, खोकू नका हां!”

“खोकत नाही! शिंक येतेय!”

“दाबा ती!”

शेवटची काच आत गेली. आता प्रश्न पोवळ्याचा. बैलानं मान हलवली की सगळं पुसट. पण पोवळ्याच्या तोंडात अजून अर्धा भाता होता, त्यामुळे त्याला कुठेच जायची घाई नव्हती. छबूबाई त्याच्या शेजारी उभी राहिली. पुंजारामला वाटलं आपणही उभं राहावं. तिनं डोळ्यांनीच त्याला बाजूला काढलं. सहादेवनं भिंगाची टोपी काढली. अख्खं रिंगण श्वास धरून उभं. घोंगडी थरथरत होती, कारण आत नियाज शिंकेशी झुंजत होता. टोपी परत बसली, तशी घोंगडीतून अशी शिंक बाहेर आली की पाठीमागची शेरडं उधळली.

छबूबाईनं पोवळ्याच्या कपाळावरून हात फिरवला, दावं पुंजारामच्या हातात दिलं आणि म्हणाली, “सांजच्याला पेज द्या त्येला. थोडं मीठ घालून. आवडतंय.” पुंजाराम व्हय व्हय म्हणत गेला. घोंगडी राहिली ती त्यानं मागितलीही नाही.

पुढच्या बाजाराला नियाज पुन्हा घोडेगावला आला. नवा भाता घेऊन, आणि या वेळी खळीत कुठूनतरी पैदा केलेलं खरं मोरचूद. सहादेवनं फोटो छापून आणला होता, पण दाखवायला तो तयार नव्हता. “मावशीकडनं एक कवडी घ्यायची न्हाई,” तो म्हणाला. “बगा की. तोंडच न्हाई आलं बैलाचं.”

खरंच होतं. शिंगं स्पष्ट, डोळे स्पष्ट, अंगावरचं एकेक वळण स्पष्ट. छबूबाईचा गळ्यावर ठेवलेला हातही स्पष्ट. फक्त पोवळ्याच्या तोंडाच्या जागी एक धुरकट ढग होता. टोपी काढली तेवढ्या वेळात त्यानं जबडा थांबवला नव्हता.

दोघं छबूबाईकडे गेले. नियाजनं माफी मागायचं वाक्य मोटारीतच जुळवून ठेवलं होतं. त्यात मीठ होतं, काकवी होती, आणि स्वतःची चूक जेमतेम दिसेल अशा बेतानं सहादेवच्या गुळाची ढेपही होती. पण छबूबाईनं फोटो घेतला आणि दारातल्या उजेडात नेला. बोटानं तिनं त्या धुरकट ढगावरून हलकेच पुसलं, जसं काही तिथे बाजरीची पेज लागलीय.

“चगळतोय,” ती म्हणाली. “जोडीदार हुता तवा त्येचं तोंड कवा गप ऱ्हायलं हुतं? दुसऱ्या फोटूवाल्यानं काडला आसता तर तोंड मिटलेला बैल दिला आसता मला. त्यो काय माजा पोवळ्या आसता का?”

सहादेव आणि नियाज एकमेकांकडे बघायला लागले.

“चौकट करून देवाशेजारी लावू का, मावशी?” सहादेवनं विचारलं.

“देव काय करतील बैलाचं? गोठ्यात लावा.”

“गोठ्यात?” नियाज दचकला. “ओल लागेल, मावशी. वाळवी लागेल. खराब होईल फोटो.”

“झाला तर तुमी हायच की दुरुस्तीला,” छबूबाई म्हणाली. “लेक काय एकट्या फोटूवाल्याकडंच दिलीया व्हय?”

नियाजनं पिशवीतून हातोडी काढली. गोठ्यात गव्हाणीच्या वर, रिकाम्या जागेसमोर, बैलाच्या डोळ्यांच्या उंचीला त्यानं खिळा ठोकला आणि फोटो टांगला. मग तिरका वाटला म्हणून सरळ केला. सरळ होता तो पुन्हा थोडा तिरका झाला. तो दारापर्यंत मागे सरून एक डोळा मिटून बघत असताना छबूबाई आत आली आणि गव्हाणीच्या कडेवर बसली.

“मिस्त्री भाऊ,” ती म्हणाली, “जरा बाजूला व्हा. तुमी दारात उभं ऱ्हायलात की त्येच्यावर अंधार पडतोय.”